श्वास भरून घेतलेलं माप

कोटाचं मधलं बटन काजापर्यंत पोचेना. शिंपी मास्तरने दोन्ही पल्ले धरून ओढले, समोर उभ्या पिपाणीला पोट आत घ्यायला लावलं, कारण नसताना स्वतःचंही पोट आत घेतलं, तरी बटन आणि काज यांच्यात चांगलं बोटभर अंतर राहिलंच. मग त्याने हात सोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "ताई! अगं ताई, लवकर ये! कोट चुकला!"

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दुकानाच्या खिडकीपाशी बसून ती काजं करायची, बटनं लावायची आणि वेळ उरला की रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायची. हातातलं काज अर्धवट टाकून ती धावत आली. कोट चुकला की तिचा भाऊ दोन दिवस जेवत नसे, हे तिला ठाऊक होतं. आज मात्र तो ट्रायलच्या आरशासमोर चक्क नाचत होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ताईने विचारलं.

"ह्याचं पोट बघ! छाती बघ! अगं, जाड झालाय हा!"

"जाड कसला," पिपाणी ओशाळून म्हणाला. "सकाळी जरा जास्त खाल्लं गेलं."

"ऐकलंस? जास्त खाल्लं म्हणतोय!" मास्तरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. ताईने कोटाच्या दोन्ही पल्ल्यांमध्ये स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग तीही मटकन स्टुलावर बसली आणि पदराने नाक पुसायला लागली. बिचारा पिपाणी हात पसरून तसाच उभा, कारण कच्च्या शिलाईचा कोट अंगात असताना हात खाली घ्यायचे नाहीत, असा मास्तरचा दंडक होता.

चुकलेल्या कोटावर एवढा आनंद करणारा शिंपी जगाच्या पाठीवर सापडायचा नाही. पण हा कोट कशासाठी बेतला होता, हे कळलं तर कुणीही त्या नाचात सामील होईल.

मास्तरचं दुकान लांबट आणि अरुंद होतं. पुढे खिडकी, मधे मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या भिंतीला कपडे टांगायची दांडी, आणि त्या दांडीच्या बाजूने वरच्या खोलीत जाणारा लाकडी जिना. मास्तर कोटांचा राजा. त्याचं बटन कधी तुटून पडलं नाही, अशी त्याची ख्याती होती आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. पिपाणी त्याच्याकडे आला तो भांडायला. एका हॉटेलात सातजणांचा बँड होता, त्यांनी सगळ्यांसाठी गर्द लाल रंगाचे एकसारखे कोट मास्तरकडून शिवून घेतले होते. पहिल्याच कार्यक्रमात पिपाणीने ट्रंपेट तोंडाला लावलं, पहिला सूर काढला आणि कोट पाठीवर टर्रकन फाटला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत तो दारात हजर.

"तुम्ही माणसाचं माप घेतलंत," तो तणतणत म्हणाला. "वाजवणाऱ्याचं नाही घेतलं."

मास्तरच्या पायाची आग मस्तकात गेली. तरी त्याने फीत उचलली. "बरं. भरा श्वास."

पिपाणीने श्वास भरला. मास्तर बघतच राहिला. ही छाती थांबायचं नावच घेईना.

"धरा तसाच," मास्तर म्हणाला आणि फितीवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"आकडा वाचायला एवढा वेळ लागतो?" श्वास न सोडता पिपाणीने विचारलं.

आकडा केव्हाच वाचून झाला होता. त्या दिवसापासून मास्तरने नियमच केला, वाजवणाऱ्याचं माप श्वास भरून घ्यायचं. आणि त्या दिवसापासून दोघांचं जमलं ते जमलं. पिपाणी वरच्या खोलीत राहायला आला. गल्लीला सांगितलं, लांबचा नातेवाईक आहे. ताईला काही सांगायची वेळच आली नाही. "लांबच्या नातेवाइकासाठी कुणी रोज स्वतःच्या हाताने शर्टाला इस्त्री करत नाही," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून तीन माणसांचा डबा आणायला लागली. पिपाणी हे नावही तिनेच पाडलं.

त्या बँडमधले आणखी पाचजण या दोघांसारखेच होते, पुरुषावर जीव लावणारे पुरुष. दुकान बंद झालं की सगळे तिथेच जमायचे. कापायच्या टेबलावर चहाचे कप, खुंटीवर वाद्यांच्या पेट्या, आणि मधे ढोल्या. ढोल्या त्यांचा खर्जाचा बास वाजवणारा, नावाप्रमाणे घेराचा. त्याच्या एका कोटाच्या कापडात दोघांचे कोट झाले असते, असं मास्तर म्हणायचा. "मग मला दोघांएवढं प्रेम मिळायला पाहिजे," ढोल्या म्हणायचा. काय हसायचे ते! पलीकडचा शेजारी भिंत धोपटून धोपटून थकायचा.

मग तो आजार आला. एड्स हा शब्द तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारत नसे. असल्या पुरुषांना होतो, एवढं म्हणून लोक तोंड फिरवत. मास्तरला तो पहिल्यांदा कळला तो फितीवर. आधी ड्रमवाला आला, पँट सैल झाली म्हणून. मग पियानोवाला. मग एक दिवस ढोल्या येऊन दारातच गिरकी घेऊन म्हणाला, "बघ मास्तर, फुकटात बारीक झालो!" त्याचा कोट खांद्यावरून लोंबत होता. मास्तरने हसत हसत बाजूच्या शिवणी आत घेतल्या. थोड्या दिवसांनी पुन्हा घेतल्या. तिसऱ्या खेपेला दोघंही हसले नाहीत.

ढोल्या गेला तेव्हा त्याचा भाऊ गाडी घेऊन आला. तो खाली उतरला नाही. काच अर्धी खाली करून दोन बोटांच्या चिमटीत धरलेली पिशवी त्याने दुकानाच्या पायरीवर टाकली आणि गाडी निघून गेली. पिशवीत तो कोट होता. घरात ठेवायची भीती वाटली असणार, आणि जाळायचा म्हटलं तरी हात लावावा लागतो. ताईने भर रस्त्यात त्या गाडीच्या नावाने जो काही उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. असे एकेक करत पाच कोट परत आले. चौघांच्या घरच्यांनी पाठवून दिले, आणि पियानोवाल्याने जाण्याआधी स्वतः आणून दिला, कारण त्याच्या घरी कुणी नव्हतंच. मास्तरने ते मागच्या दांडीवर टांगले आणि वरून पांढरी चादर घातली. पाचांपैकी एक सनईसारखं बारीक वाद्य वाजवणारा कोवळा पोरगा होता. त्याचं नाव निघालं की ताई अजून उठून बाहेर जाते.

मास्तरच्या स्वतःच्या रक्तात काही निघालं नाही. याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. उलट आला तो रागच. पिपाणीच्या रक्तात मात्र निघालं.

त्या वर्षांनी मास्तरला दोन खोडी लावल्या. एक म्हणजे घाई. कुठलंही काम त्याला उद्यावर टाकवेना. गिऱ्हाईक म्हणायचं, सावकाश द्या, पुढच्या आठवड्यात येतो. मास्तर म्हणायचा, नाही, बसा इथे, आत्ताच घेऊन जा. पुढचा आठवडा हे शब्दच त्या दुकानातून हद्दपार झाले होते. दुसरी खोड त्याहून वाईट. मित्रांचे कपडे तो आजच्या मापावर बेतेनासा झाला. शिवून होईपर्यंत माणूस किती उतरलेला असेल, याचा अंदाज घेऊन तो आधीच बारीक कापायचा. आणि तो अंदाज मेला कधी चुकायचा नाही.

पिपाणीच्या छातीत न्यूमोनिया दोनदा बसला. ट्रंपेटची पेटी पलंगाखाली गेली. जिना चढायलाही तो मधे थांबायला लागला, तेव्हा एक दिवस तो साध्या आवाजात म्हणाला, "माझा जुना कोट पार फाटलाय रे. तसलाच एक नवा शिव. शेवटी मला तोच घालून पाठव."

मास्तरने त्या गर्द लाल कापडाचा उरलेला शेवटचा तुकडा टेबलावर पसरला. माप घेतलं. या वेळी श्वास भर म्हणाला नाही. आणि त्या मापाहूनही बारीक कापला. शिवणीत वाढवायला कापड ठेवलं नाही. कशाला ठेवायचं? कोट कापून झाला आणि मास्तरच्या हातून पुढे एक टाका घातला जाईना. हा कोट शिवून झाला म्हणजे काय झालं, हे त्याला ठाऊक होतं. कच्च्या शिलाईने जोडून त्याने तो मागे टांगला. त्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने एखादं काम उद्यावर टाकलं.

आणि तेवढ्यात नव्या गोळ्या आल्या! इस्पितळातल्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरने स्वतः दुकानात येऊन सांगितलं. ही बाई एकेकाळी सगळ्या वॉर्डात एकटीच अशी होती, जी हातमोजे न घालता पेशंटच्या कपाळावर हात ठेवायची. गोळ्या मूठभर, वेळेवर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. पहिले दिवस उलट्यांचे गेले. मग एक सकाळ अशी आली की पिपाणी जिन्यावरून मधे न थांबता खाली उतरला, आणि कुणाच्या लक्षात येऊनही कुणी काही बोललं नाही, दृष्ट लागेल म्हणून. मग तो भूक लागली म्हणायला लागला. मग ताईच्या डब्यात चमचा घालून ती बसायच्या आत चाखायला लागला. ताई त्याच्या हातावर चापट मारायची आणि दुसऱ्या दिवशी डबा जड करून आणायची.

आता त्या सिस्टर निवृत्त होत होत्या. बँडमधला पिपाणीखेरीज उरलेला एकटा सॅक्सोफोनवाला धावपळ करून शनिवारी सभागृहात कार्यक्रम ठरवून आला होता. नवी मुलं वाजवणार होती, पण सुरुवातीचा लांब सूर पिपाणीचा. सिस्टरांनी तोच मागितला होता. पिपाणीने हो म्हटलं, पेटी पलंगाखालून ओढली आणि मास्तरला म्हणाला, "तो कोट आहे ना? तोच घालतो."

म्हणून ही ट्रायल. म्हणून तो नाच.

नाच ओसरल्यावर मास्तर भानावर आला. आज गुरुवार. कार्यक्रम परवा. शिवणीत वाढवायला दोराभर कापड नाही. तो टोपी घालून धावत सुटला. कापडाच्या चारही दुकानांत गेला. तसलं कापड आता येतच नाही, ती गिरणीच बंद पडली. एकाने विटकरी रंग दाखवला, दुसऱ्याने जांभळट. मास्तरने दोघांनाही शिव्या घातल्या आणि घामाघूम होऊन परत आला.

"मी शर्टावर वाजवतो की," पिपाणी म्हणाला.

"शर्टावर? माझ्या हयातीत?"

ताईने मागच्या दांडीकडे पाहिलं. मास्तरलाही ते कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नाही," तो म्हणाला. "त्यांना कात्री लावायची नाही."

"त्यांना विचारलंस?" ताई म्हणाली. "ढोल्याला विचारलं असतंस तर त्याने अंगातला काढून दिला असता. वर चार विनोद सांगितले असते."

मास्तर टेबलापाशी जाऊन बसला. पिपाणी त्याच्या शेजारी येऊन बसला. "हे बघ," तो म्हणाला, "तुला जमणार नसेल तर राहू दे. पण खरं सांगू? मला ते पाचजण बरोबर हवे आहेत. एकट्याने तो सूर लागेल की नाही, माझी मलाच खात्री नाही."

तेव्हा मास्तर उठला. चादर काढली, ढोल्याचा कोट खाली घेतला, टेबलावर उलटा केला. कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आधी अस्तर उसवावं, मग बघू, असं मनाशी म्हणत त्याने बाजूचं अस्तर उसवलं. आणि थांबला.

"ताई!" त्याची हाक पुन्हा गल्लीभर गेली. "अगं, इकडे ये! हे बघ काय!"

शिवणीच्या आत कापड होतं. पुष्कळ कापड. घडीवर घडी घालून, दाबून बसवलेलं. ढोल्याचा कोट मास्तरने तीनदा आत घेतला होता, पण एकदाही कापड कापून टाकलं नव्हतं. ढोल्या बरा झाला की उसवून पुन्हा मोठा करायचा, म्हणून सगळंच्या सगळं आत जपून ठेवलं होतं. नंतरच्या वर्षांनी त्याच्या डोक्यातून ते पार पुसून टाकलं होतं. आपण कधीतरी इतकी आशा धरून होतो, हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं.

"म्हणजे कोट कापायला नको?" पिपाणीने विचारलं.

"कोट जसाच्या तसा राहतो! आतलं तेवढं काढायचं!" मास्तर आता दोन्ही हातांनी भराभरा उसवत होता. "आणि रंग बघ! ह्याला ऊनच लागलेलं नाही. नव्यासारखा आहे. तुझ्या कोटाला असा जुळेल की कळणारसुद्धा नाही!"

ड्रमवाल्याच्या कोटातही निघालं. पियानोवाल्याच्यातही निघालं. बाकी दोघांच्यातही निघालं, त्या पोराच्या कोटातून अगदी चिंचोळी पट्टी. ताई या वेळी उठून बाहेर गेली नाही. तिने ती पट्टी स्वतः इस्त्री केली. ढोल्याचं कापड सगळ्यांत जास्त, ते छातीच्या दोन्ही बाजूंना गेलं. ड्रमवाला आणि पियानोवाला बगलेखाली. चौथा पाठीच्या मधल्या शिवणीत. पोराची पट्टी कॉलरच्या आत, मानेला लागेल अशी. शुक्रवारभर मशीन थांबलं नाही. पिपाणी वरच्या खोलीत सूर धरायचा प्रयत्न करत होता. सूर निघायचा, थरथरायचा, मधेच तुटायचा. तुटला की खाली मशीनचं पॅडलही क्षणभर अडायचं. मग वर पुन्हा सुरू, खाली पुन्हा सुरू.

कोट अंगावर चढवायच्या आधी मास्तरने फीत उचलली. "भर श्वास."

पिपाणीने भरला. मास्तर फितीवर वाकला.

"लागतो का रे अजून एवढा वेळ?" पिपाणी म्हणाला.

"चूप. धरून ठेव."

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मधे सिस्टर, त्यांच्या एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मास्तर. पिपाणी मंचावर आला. कोट असा बसला होता की ताईसुद्धा नाव ठेवायला जागा शोधत राहिली. नव्या मुलांनी वाद्यं उचलली आणि थांबली. पिपाणीने ट्रंपेट ओठांना लावलं. मास्तरला त्याचा चेहरा दिसतच नव्हता, त्याची नजर बाजूच्या शिवणींवर खिळली होती.

पिपाणीने श्वास घेतला. छाती भरली. ढोल्याचं कापड ताणलं, बगलेतलं ताणलं, पाठ ताणली, शिवणी अभंग राहिल्या. पण पिपाणी थांबेचना! दुकानात भरला होता त्याहून मोठा श्वास, पहिल्या दिवशी फाटलेल्या कोटातल्याहून मोठा, तो घेतच राहिला, घेतच राहिला, आणि टप्प आवाज करून मधलं बटन उडालं. मंचावरून उसळलं, पायऱ्या उतरलं आणि गडगडत येऊन सिस्टरांच्या पायाशी पडलं.

मास्तर ताडकन उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. अजून एक सूरही वाजला नव्हता! मागचे लोक "बसा, बसा" म्हणायला लागले. ताईने त्याचा सदरा धरून त्याला खाली खेचलं. आणि मग तो सूर आला. लांब, सरळ, कुठेही न थरथरणारा. तो संपेल संपेल म्हणून माणसं वाट बघत राहिली आणि तो संपेना. सिस्टर बटन मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या आणि खुशाल रडत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर पिपाणी घामाने निथळत खाली आला. त्याने सिस्टरांना मिठी मारली. त्यांनी बटन त्याच्या हातात ठेवलं. तोवर मास्तरची बोटं सदऱ्याच्या आतल्या बाजूला गेली होती. दोरा ओवलेली सुई तिथे कायम खोचलेली असायची.

"आण इकडे," तो म्हणाला. "उभा राहा असा. आत्ताच लावून टाकतो."

"आत्ता कशाला?" पिपाणी अजून धापा टाकत होता. "लाव की पुढच्या आठवड्यात."

मास्तर सुई हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. मग मास्तरने सुई होती तिथे परत खोचली आणि बटन खिशात टाकलं.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात."